सोसायटीचे स्वतःचे पोलीस असू शकतात का?

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या टाउनशिपमध्ये घरफोडी झाली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात तीन मागण्या येतात. कॅमेरे वाढवा, सिक्युरिटी एजन्सी बदला, आणि तिसरी : एवढा मेंटेनन्स भरतो, तर आपले स्वतःचे पोलीसच का नाहीत? मग कुणाचा तरी अमेरिकेतला भाचा सांगतो की न्यूयॉर्कमध्ये असं आहे. तिथल्या हाउसिंग कॉम्प्लेक्सना स्वतःचं पोलीस दल असतं, गाड्या असतात, बेड्यासुद्धा असतात.

भाचा खोटं बोलत नाही आणि मागणी हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. मगरपट्टा सिटी चारशे एकरांच्या घरात आहे, नांदेड सिटी सुमारे सातशे एकरांची. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका कमानीच्या आत राहते. आतले रस्ते, दिवे, बागा, कचरा यांपैकी बरंच काही रहिवाशांच्या पैशातून चालतं. मग पोलीस तेवढे बाहेरचे का?

थोडक्यात उत्तर असं : आपल्याकडे खासगी पोलीस ठेवता येत नाहीत. खासगी सुरक्षारक्षक ठेवता येतात, आणि या दोघांमधलं अंतर गणवेशावरून वाटतं त्याहून खूप मोठं आहे. ते नीट समजलं नाही तर अडचणीत आधी गेटवरचा माणूस येतो आणि पाठोपाठ कमिटी.

न्यूयॉर्कमध्ये नेमकं काय आहे

ब्रुकलिनच्या एका टोकाला स्टॅरेट सिटी नावाची वसाहत आहे. लोक तिथे १९७४ मध्ये राहायला आले; ४६ इमारती, ५,८८१ घरं. (आता तिचं नाव स्प्रिंग क्रीक टॉवर्स आहे.) त्याच शहरात, ब्रॉन्क्समध्ये, को-ऑप सिटी आहे : ३५ टॉवर, १५,३७२ घरं. ही सहकारी तत्त्वावरची वसाहत आहे, म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची अवाढव्य बहीणच. रहिवासी भागधारक असतात आणि संचालक मंडळ निवडून देतात. तिथलं राजकारणही आपल्याइतकंच तापतं. १९७५-७६ मध्ये वाढत्या शुल्काविरुद्ध तिथल्या हजारो कुटुंबांनी तेरा महिने पैसे भरायचं थांबवलं होतं. आपल्या सोसायट्यांतले थकबाकीदार त्यापुढे अगदीच किरकोळ.

या दोन्ही वसाहतींना ‘पब्लिक सेफ्टी’ नावाचा स्वतःचा विभाग आहे. त्यातल्या अधिकाऱ्यांचा पगार वसाहत देते. पण न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात ‘पीस ऑफिसर’ असा एक वर्ग आहे. हा माणूस पूर्ण पोलीस नसतो. मात्र कामावर असताना, नेमून दिलेल्या हद्दीत, ठरावीक परिस्थितीत वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार त्याला असतो. वसाहतीच्या कर्मचाऱ्याला हा दर्जा वसाहतीची कमिटी देत नाही. शहराचा पोलीस आयुक्त त्याची नेमणूक करतो आणि आयुक्तच ती रद्द करू शकतो. सरकारने ठरवलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

म्हणजे पैसा रहिवाशांचा आणि अधिकार सरकारचा. गाडी आणि बेड्या दिसतात, ही नेमणूक दिसत नाही, म्हणून ‘तिकडे सोसायटीचे पोलीस असतात’ हे वाक्य अर्धंच खरं ठरतं.

अधिकार येतो कुठून

आपल्याकडे सोसायटी एजन्सीशी करार करते आणि एजन्सी माणसं पाठवते. या साखळीत सरकार फक्त एजन्सीला परवाना देण्यापुरतं असतं. त्यासाठी २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा आहे; त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या क्षेत्रातले लोक त्याला ‘पसारा’ म्हणतात. परवाना मिळाला म्हणजे माणसं पुरवण्याचा धंदा करायची मुभा मिळाली, एवढंच. त्यातून पोलिसी अधिकार कणभरही येत नाही.

मग गार्डकडे कुठला अधिकार असतो? तुमच्या-माझ्याकडे असतो तेवढाच. सोसायटीचा चेअरमन स्वतः कुणाची झडती घेऊ शकत नसेल, तर तो अधिकार तो गार्डला देणार कुठून? खात्यात पाचशे रुपये असताना पाच हजारांचा चेक फाडण्यासारखं आहे ते. चेक वटत नाही, आणि तो घेऊन बँकेत जो उभा असतो त्याची शोभा होते. इथे उभा असतो तो गार्ड.

सर्वसाधारण सभेत हात वर करून, एकमताने, टाळ्यांच्या गजरात ठराव केला तरी यात फरक पडत नाही. सभा मेंटेनन्स ठरवू शकते, लिफ्टची वेळ ठरवू शकते. अटकेचा अधिकार सभेच्या हातात मुळातच नाही.

गार्ड चोराला पकडू शकतो का

हो. पण गार्ड म्हणून नव्हे, नागरिक म्हणून. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४० नुसार कोणतीही खासगी व्यक्ती दुसऱ्याला पकडू शकते, पण गुन्हा तिच्या समक्ष घडलेला हवा आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असायला हवा. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात असा. अजामीनपात्र म्हणजे ज्यात जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा. न्यायालयाने फरार घोषित केलेला गुन्हेगारही असाच पकडता येतो.

पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. जुन्या कायद्यात सहा तासांची अट नव्हती, ती आता आली. ‘सकाळी सेक्रेटरी आले की बघू’ म्हणून रात्री अकराला पकडलेल्या पोराला केबिनमध्ये बसवून ठेवलं, तर पहाटे पाचनंतर कायद्याचा हिशेब उलटा सुरू होतो. मग तो अन्यायाने डांबून ठेवण्याचा गुन्हा होऊ शकतो आणि आरोपीच्या जागी गार्ड असतो.

‘समक्ष’ हा शब्दही हलक्यात घेऊ नका. मंगळवारी चोरी झाली, बुधवारी कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं आणि गुरुवारी तसाच दिसणारा डिलिव्हरी बॉय गेटवर आला. त्याला अडवून ठेवायला हे कलम उपयोगाचं नाही. फुटेज पोलिसांना द्यायचं, हाच रस्ता आहे.

आणखी एक गुंता जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने केला आहे. चोरी साधारणपणे दखलपात्र आणि अजामीनपात्र असते. पण चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल परत मिळाला असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे आणि त्या प्रकाराची गणती अदखलपात्र, जामीनपात्र अशी होते. उलट घराच्या आत शिरून केलेल्या चोरीला वेगळं, जास्त कडक कलम आहे. यातलं कुठलं लागू होईल हे ठरवताना ठाण्यातला हवालदारसुद्धा पुस्तक उघडतो. रात्री अडीच वाजता, बारा तासांच्या पाळीच्या नवव्या तासाला, गार्डने ते ठरवावं अशी आपली अपेक्षा असते.

मग बघत बसायचं का?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्तही आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे. स्वतःचं आणि दुसऱ्याचं शरीर, मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. चोर पाइपवरून चढतोय, गार्डने त्याला खाली ओढलं, झटापट झाली, तर कायदा गार्डच्या बाजूने उभा राहतो. मुख्य अट अशी : धोका टाळायला लागतं त्याहून जास्त बळ नको. चोर हाती लागला, खाली बसला, हात जोडू लागला की हा हक्क संपला. त्यानंतर खांबाला बांधून जे होतं, आणि ज्याचे व्हिडिओ मोठ्या अभिमानाने फिरतात, तो निव्वळ गुन्हा आहे. त्यात हात धुऊन घेणारे सदस्यही आले.

व्यवहारात चांगला गार्ड तीन कामं करतो : आरडाओरडा करतो, ११२ वर फोन लावतो, आणि माणूस कुठल्या दिशेने गेला ते लक्षात ठेवतो. सिनेमात दाखवावं असं यात काही नाही.

पिशव्या, मोबाइल आणि जॅमर

खरं तर चोर वर्षातून एखादाच येतो. गार्डचा रोजचा संबंध येतो तो घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं, ड्रायव्हर आणि भाडेकरूंशी. अधिकाराची हद्द रोज ओलांडली जाते ती इथे.

संध्याकाळी कामावरून निघालेल्या ताईंची पिशवी गेटवर उघडून बघायची प्रथा कित्येक ठिकाणी आहे. सक्तीने झडती घेण्याचा अधिकार गार्डला नाही. त्या राजीखुशीने दाखवत असतील तर दाखवतील. नाही म्हणाल्या तर सोसायटी त्यांच्या मालकिणीशी बोलू शकते, उद्यापासून प्रवेशाचा प्रश्न उपस्थित करू शकते, संशय सबळ असेल तर पोलिसांना बोलावू शकते. वाट अडवून ‘आधी पिशवी उघड’ म्हणता येत नाही. बाईची अंगझडती तर पोलिसांनाही पुरुष शिपायाकडून घेता येत नाही, आणि इथे आपण ती गेटवरच्या दादाला सांगतो. ज्यांच्या हातात घराची किल्ली देतो त्यांचीच पिशवी रोज तपासायची, हा कायद्याबाहेरचा विनोद वेगळाच.

मोबाइल काढून घेणं, गाडीची किल्ली ठेवून घेणं, कुणाचं ओळखपत्र अडकवून ठेवणं, यातल्या कशालाच आधार नाही. नो-पार्किंगमधल्या गाडीला जॅमर लावणं हे वाहतूक पोलिसांच्या थाटात केलं जातं, पण वाहतूक पोलिसांच्या मागे मोटार वाहन कायदा आहे, गार्डच्या मागे सोसायटीचा फलक. सदस्याला नियमांनुसार दंड लावून तो बिलात टाकता येईल. बाहेरच्या माणसाने तुमच्याशी कुठलाच करार केलेला नाही.

प्रवेश नाकारण्याचं काय? खासगी जागेत अनोळखी माणसाला आत सोडायचं की नाही, हे सोसायटी ठरवू शकते. पण तिथे राहणाऱ्याला त्याच्याच घरी जाण्यापासून अडवता येत नाही, मग तो भाड्याने राहणारा एकटा मुलगा असो की मुलगी. ‘बॅचलर्सकडे रात्री दहानंतर पाहुणे नकोत’ हे गार्डच्या तोंडून वदवलं जातं तेव्हा भांडणाची झळ त्यालाच बसते. ज्यांनी ठरवलं ते वरच्या मजल्यावर झोपलेले असतात.

आणि गणवेश. पोलीस किंवा सैन्यासारखा दिसणारा पोशाख घालणाऱ्या खासगी गार्डला ‘पसारा’ कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘जरा पोलिसासारखा ड्रेस द्या, वचक बसतो’ असं एजन्सीला सांगणाऱ्या कमिट्यांनी हे वाचून ठेवावं.

कायदा बदलून अधिकार देऊन टाका की!

न्यूयॉर्कसारखी तरतूद आपणही करू शकतो, तत्त्वतः. पण तिथे अधिकारासोबत काय आलं तेही पाहायला हवं.

वॉशिंग्टनजवळ मेरिलँड राज्यात ग्लेन एको नावाचं करमणूक उद्यान होतं. खासगी मालकीचं, आणि फक्त गोऱ्यांसाठी. १९६० मध्ये काही कृष्णवर्णीय तरुण तिथे गेले आणि मेरी-गो-राउंडवर बसले. उद्यानाच्या सुरक्षारक्षकाने त्यांना अटक केली. हा रक्षक उद्यानासाठी काम करणाऱ्या एजन्सीचा नोकर होता, पण उद्यानाच्याच विनंतीवरून त्याला शेरीफचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, सहायक म्हणून सरकारी अधिकारही मिळालेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की हा माणूस सरकारी अधिकार वापरत होता, म्हणून त्याची कृती ही सरकारची कृती आहे, आणि सरकारला वंशावरून भेदभाव करता येत नाही. शिक्षा रद्द झाल्या.

आपल्या टाउनशिपला याचा अर्थ असा : गार्डला पोलिसी अधिकार हवा असेल तर त्याच्यामागे राज्यघटनाही गेटच्या आत येते. मग ‘आमची खासगी जागा, आम्ही ठरवू कोण येणार’ हे पूर्वीसारखं म्हणता येत नाही. अधिकार सरकारी आणि मर्जी खासगी, अशी मोट बांधता येणार नाही.

भारतातला दाखला याहून कठोर आहे. छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांशी लढायला आदिवासी तरुणांची ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून भरती झाली होती. पाचवी पास असणं पुरेसं आणि मानधन महिना तीन हजार रुपये. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा असा वापर घटनाबाह्य ठरवला. अपुरं शिक्षण आणि अपुरं प्रशिक्षण दिलेल्या, कमी पैशांत राबवलेल्या माणसांच्या हाती पोलिसांचं काम देणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि ज्यांच्याशी त्यांची गाठ पडते त्यांच्यावरही, असा त्या निकालाचा रोख होता. बस्तरचं जंगल आणि हडपसरचं गेट यांची बरोबरी कुणी करणार नाही. पण स्वस्तातला अर्धा पोलीस नको, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडतं. केंद्राच्या नमुना नियमांनुसार गार्डचं प्रशिक्षण म्हणजे १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान २० दिवसांत. तेही सगळ्यांना पूर्ण मिळत असेल, असं मी गृहीत धरणार नाही.

जाब कुणाला, हा प्रश्न या भागात नवा नाही. पेशवाईत आणि त्यानंतरही पुण्याच्या आसपासच्या गावांत राखणीचं काम रामोशांकडे असे. चोरी झाली तर त्यांनी माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर जाई, नाहीतर भरपाईचा तगादा राखणदारावर येई. पद्धत कडक होती, आणि त्या समाजावर पुढे इंग्रजांनी जे शिक्के मारले ती कहाणी दुःखद आहे. पण राखणीचं मानधन आणि राखणीची जबाबदारी एकाच गाठीत होती. आजच्या कित्येक करारांत चोरी झाल्यास एजन्सी काय देणं लागते, याचा पत्ताच नसतो.

पैसे भरून खरे पोलीस मिळतात का

मिळू शकतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. महाराष्ट्र पोलीस कायद्यात, कुणी अर्ज केल्यास त्याच्या खर्चाने जादा पोलीस नेमण्याची तरतूद आहे. क्रिकेटचे सामने आणि मोठे कार्यक्रम यांचा सशुल्क बंदोबस्त आपण पाहतोच. मात्र ते पोलीस आयुक्तांच्याच हुकमाखाली राहतात. कमिटीने ‘बॅचलर्सना समज द्या’ म्हटलं म्हणून ते देणार नाहीत.

दुसरा पर्याय महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा. २६/११ नंतर, २०१० च्या कायद्याने ते स्थापन झालं. त्याचे जवान मेट्रो आणि सरकारी रुग्णालयांत दिसतात. पण निवासी सोसायटीला दोन्ही गोष्टी रोजच्या रोज परवडणं अवघड आहे.

राहिला साधा मार्ग : हद्दीतलं पोलीस ठाणं जवळ असावं यासाठी मागे लागणं. पुणे शहरात २०२४ मध्ये सात नवी ठाणी झाली : आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ. यादी पाहिली तर शहर ज्या बाजूंना फुगलं, तीच ही नावं आहेत. सोसायट्या-सोसायट्यांनी मिळून रेटा लावायचा तो इथे.

पण तिकडे गुन्हे कमी झाले ना?

स्टॅरेट सिटीचा हा दाखला नेहमी दिला जातो. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या सुरक्षा विभागाचा अभ्यास केला, आणि भोवतालच्या ईस्ट न्यूयॉर्क भागाच्या मानाने वसाहतीत गुन्हे खूप कमी असल्याचं त्यांना दिसलं. रहिवासी त्याचं श्रेय आपल्या दलाला देत.

मात्र त्याच काळात ही वसाहत घरं देताना वंशावर आधारित कोटा पाळत होती. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबांचं प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवलं जाई आणि त्यांना प्रतीक्षा यादीत थांबावं लागे. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने ही पद्धत गृहनिर्माणविषयक कायद्याच्या विरुद्ध ठरवली. म्हणजे घर कुणाला मिळणार हेच मुळात निवडून ठरत होतं. अशा ठिकाणी आतला गुन्ह्याचा आकडा कमी दिसला, तर त्यात पहाऱ्याचा वाटा किती आणि निवडीचा किती? कुंपणाच्या आतली आणि बाहेरची वस्ती सारखी नसेल, तर आकड्यांची तुलना फार पुढे नेता येत नाही. कुणी आपल्याकडच्या टाउनशिपचे आकडे दाखवले तरी हेच लागू होईल.

गार्डच्या बाजूने

‘अंगाला हात लावू नका, तीनशे त्रेपन्न लागेल’ असं काही गार्ड बोलतात. जुन्या दंडसंहितेचं कलम ३५३, आताच्या न्याय संहितेचं १३२, लोकसेवकावर हल्ला करणाऱ्यासाठी आहे. गार्ड लोकसेवक नाही. मद्यधुंद सदस्याने गेट उघडायला उशीर झाला म्हणून त्याच्या कानाखाली मारली, तर साध्या मारहाणीचं कलम लागतं, आणि तेही त्याने नोकरीची पर्वा न करता तक्रार दिली तर. म्हणजे पोलिसांची जोखीम आपण त्याला देतो, पोलिसांचं संरक्षण मात्र नाही.

महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षारक्षकांच्या रोजगार आणि कल्याणासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली जिल्हावार मंडळं आहेत, पुण्यातही आहे. मंडळामार्फत रक्षक घेता येतो. एजन्सीमार्फत घ्यायचा असेल, तर तिला मंडळाच्या योजनेतून सूट मिळालेली आहे का आणि तिच्या माणसांना मंडळाइतक्या सोयी मिळतात का, हे विचारणं सोसायटीच्या हातात आहे. सोबत पसारा परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, प्रत्येक गार्डचं फोटो ओळखपत्र आणि प्रशिक्षणाचा दाखला बघा. गेटवरच्या नोंदवहीत किंवा ॲपमध्ये कोण कुणाकडे किती वाजता आलं हे सगळं साठत असतं. कामावर असताना कळलेली माहिती बाहेर फोडायला ‘पसारा’ कायद्याने गार्डला आणि एजन्सीला मनाई आहे, तेव्हा करारात तेही लिहून घ्या. आणि गार्डला काय करायचं नाही याची एक यादी मराठीत आणि हिंदीत छापून, चेअरमनची सही घेऊन केबिनमध्ये लावा. उद्या एखादा सदस्य ‘त्याची झडती घे, मी सांगतोय ना’ म्हणाला, तर गार्डला त्या कागदाकडे बोट दाखवता येईल.